एक पातेले, दोन पंगती : घरचा रिझोटो

आमची सौ. माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात आजवर अंडेसुद्धा फुटलेले नाही. गेल्या नाताळच्या सुटीत पुण्याहून पंधरा वर्षांची नात आली, ती बर्फाच्या डब्यात बेकनचे पाकीट घेऊन. "आजोबा, आपण रिझोटो करू या. घरी." मी सौ.कडे पाहिले. ती काही न बोलता देवघरात गेली.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. मागच्या दोन सुट्यांत नात आमच्याकडे राहिली, पण आजीच्या हातचे फारसे जेवली नाही. संध्याकाळी फोनवरून काहीतरी मागवायचे, डबा यायचा, ती खोलीत बसून खायची. सौ. तक्रार करीत नसे. फक्त रात्री उरलेली खिचडी झाकून ठेवताना झाकण जरा जोरात बसायचे. त्यामुळे पोरगी स्वतःहून ओट्यापाशी उभी राहायला तयार आहे, हीच मला मोठी गोष्ट वाटली. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात हा किस्सा सांगितला, तेव्हा बऱ्याच जणांनी कृती विचारली. ती येथे सविस्तर देतो. बेकन न खाणाऱ्यांनीही वाचावे, कारण पदार्थाचा नऊ दशांश भाग शाकाहारीच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. रिझोटो मऊसर, मलईसारखा असतो, पण त्यात मलई किंवा क्रीम घालायचे नसते. एका हॉटेलात आम्हाला चारशे साठ रुपयांना जो रिझोटो मिळाला, तो म्हणजे मोकळ्या भातावर ओतलेला पांढरा सॉस होता. खऱ्या रिझोटोचा मऊपणा तांदळाच्या स्वतःच्या पिठातून येतो. तांदळात दोन प्रकारचे स्टार्च असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, बासमतीसारखा. अमायलोपेक्टिनचा वाटा मोठा असेल तर शिजताना ते दाण्यावरून सुटून पाण्यात मिसळते आणि रस दाट होतो. दाणा थोड्या पाण्यात हलत, एकमेकांवर घासत शिजला की हे स्टार्च अधिक सुटते. आपण वरण घोटतो, पिठले हटवतो, त्याच्याच जवळची ही क्रिया.

इटलीत यासाठी आर्बोरियो आणि कार्नारोली हे तांदूळ वापरतात. आर्बोरियो हे उत्तर इटलीतल्या पीडमाँट भागातल्या एका गावाचे नाव आहे. पो नदीच्या खोऱ्यातला हा सगळा भातशेतीचा प्रदेश. पूर्वी तिथल्या शेतांत निंदणीसाठी दरवर्षी हजारो बायका दुसऱ्या जिल्ह्यांतून आगगाडीने येत, सव्वा-दीड महिना गुडघाभर पाण्यात वाकून काम करीत आणि मजुरीबरोबर तांदूळ घेऊन परत जात. त्यांच्यावर १९४९ साली 'बिटर राइस' नावाचा इटालियन चित्रपट निघाला. मी तो बँकेत असताना पाहिला होता. जळगाव-धुळ्याकडून ताप्ती लाइनच्या गाडीत ट्रंका टाकून उधन्याला उतरलेली आपली माणसे आठवल्याशिवाय राहिली नाहीत.

आर्बोरियो सुरतेत मोठ्या दुकानांत मिळतो, पण महाग पडतो. नातीने पुण्याहून आणला नव्हता, आणि पाव किलोच्या पाकिटाला एवढे पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. म्हणून घरातल्या तांदळांचीच परीक्षा घेतली. सुरती कोलम रोजच्या जेवणाला उत्तम, पण रिझोटोत त्याचा रस हवा तसा बांधला जात नाही. आंबेमोहोराचा वास सुरेख, मात्र दाणा लवकर मोडतो आणि पेज होते. पास झाला तो इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्या संकरातून हे वाण काढले. दाणा शिजल्यावर चिकट, तरी मधे थोडा टणक राहू शकतो. जुना नको, शक्यतो त्याच वर्षाचा नवा घ्यावा. जुना तांदूळ मोकळा होतो, आणि आपण एरवी त्यासाठीच जास्त पैसे देतो. इथे उलटा हिशेब आहे.

आता धुण्याचा प्रश्न. इटालियन लोक रिझोटोचा तांदूळ धूत नाहीत, कारण वरचे पीठ वाहून जाते. सौ.ला हे मान्य होणे शक्य नव्हते. "न धुता तांदूळ? देवाला दाखवायचाय तो." तोडगा असा निघाला : तांदूळ नीट निवडून कोरड्या फडक्यात चोळून घेतला, एकदाच भरभर पाण्यातून काढला, आणि मग भाज्यांच्या गार रश्श्यात दोन मिनिटे चोळून गाळला. तो दुधाळ रस्सा टाकायचा नाही, तोच पुढे भातात घालायचा. धुणेही झाले, पीठही घरातच राहिले.

रश्श्याबद्दल. चार माणसांना दीड वाटी तांदूळ, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम, आणि त्याला सव्वा लिटर रस्सा लागतो. एक कांदा, एक गाजर, फ्लॉवरचे देठ, कोथिंबिरीचे देठ, मटाराची स्वच्छ टरफले, आठ-दहा मिरी, एक तमालपत्र हे सगळे दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळले की झाले. हळद, जिरे, गरम मसाला घालू नये. मीठही घालू नये, कारण पुढे चीजमध्ये मीठ आहे आणि बेकनमध्ये तर भरपूर. पहिल्या दिवशी मी सवयीने मीठ टाकले होते. खाणाऱ्यांनी रात्रभर पाणी प्यायले.

भाज्या हंगामाच्या घ्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत सुरतेत राहून गोठवलेल्या भाजीचे पाकीट फोडणे हा करंटेपणा आहे. कतारगामच्या पापडीचे दाणे, तुरीचे ओले दाणे, मटार, गाजर, थोडी फरसबी, असे मिळून दोन वाट्या. दाणे आणि फरसबी वेगळ्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे शिजवून बाजूला ठेवावे. भाताबरोबर सुरुवातीपासून घातले तर रंग जातो. पापडीचे दाणे मात्र पूर्ण शिजलेच पाहिजेत, ते कच्चट राहू देऊ नयेत. गाजर बारीक चिरून कांद्याबरोबरच परतले तरी चालते.

आता बेकन. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस मिठात मुरवून, बहुधा धुरी देऊन तयार केलेले. इटलीत त्याऐवजी पांचेत्ता वापरतात, त्याला सहसा धुरी नसते. ते गार तव्यावर घालून मंद आचेवर तापवायचे. कडक तव्यावर टाकले तर बाहेरून करपते आणि चरबी आतच अडकते. हळूहळू आठ-दहा मिनिटांत चरबी सुटते आणि त्याच चरबीत तुकडे कुरकुरीत होतात. सगळे घर मांसाहारी असेल तर याच चरबीत कांदा परतावा, चव थेट भातात उतरते.

आमच्या घरी ते जमणार नव्हते. सौ.च्या अटी स्पष्ट होत्या : तवा वेगळा, झारा वेगळा, चूल गॅलरीत, आणि तो तवा मी घासायचा. जुनी इंडक्शन शेगडी गॅलरीत मांडली. बेकन तिथेच शिजले, कागदावर निथळले, आणि फक्त नातीच्या व माझ्या ताटात वरून पडले. यात थोडा तोटा आहे हे कबूल करतो, भातात मुरलेली चव आणि वरून घातलेली चव यात फरक पडतोच. पण पातेले सगळ्यांचे एक राहिले.

शाकाहारी ताटासाठी बेकनची जागा काय भरून काढणार, यावर मी बराच विचार केला. बेकन तीन गोष्टी देते : मीठ, स्निग्धपणा आणि धूर. धुराच्या बाबतीत खानदेशी माणसाला कोणी शिकवायला नको. भरताचे वांगे आपल्याकडे तुरीच्या नाहीतर कापसाच्या काड्यांवर भाजतात, इथे पांडेसऱ्यात निदान कोळशावर किंवा गॅसवर. असे भाजलेले वांगे सोलून, हलके ठेचून, त्याला थोडे मीठ लावावे. लसणाचे पातळ काप शेंगदाणा तेलात मंद आचेवर सोनेरी, कुरकुरीत तळावेत. वाढताना ताटातल्या रिझोटोवर चमचाभर वांगे आणि वर लसूण. मी नंतर दोन्ही चाखून पाहिले. माझे मत वांग्याच्या बाजूने आहे, नातीचे नाही.

चीज घेताना माळकरी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिझोटोत घालायचे मूळ पार्मेझान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध फाडून करतात, म्हणून ते शाकाहारी नाही. मांस नाही म्हणून आपण बिनदिक्कत खातो, पण तसे नाही. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचे, सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटने केलेले चीज मिळते, तेच घ्यावे. साधे प्रोसेस्ड चीजही चालते, चव जरा सपाट लागते एवढेच. आणि रेसिपीत पांढरी वाइन लिहिलेली असते. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे, तेव्हा तो विषयच नको. वाइनचे मुख्य काम आंबटपणा आणून तुपकटपणा कापणे हे असते. ते शेवटी पिळलेले अर्धे लिंबू करते.

प्रत्यक्ष कृती अशी. जाड बुडाचे पसरट पातेले घ्यावे. शेजारच्या बर्नरवर रस्सा मंद उकळत ठेवावा. गार रस्सा घातला तर दर वेळी शिजणे थांबते, मग बाहेरचा दाणा गळतो आणि आतला कच्चा राहतो. पातेल्यात दोन चमचे लोणी किंवा तेल, त्यात एक बारीक चिरलेला कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा, लाल करू नये. आपला हात इथे हमखास चुकतो, कारण आपल्याला कांदा तांबूस लागतो. मग निथळलेला तांदूळ घालून तीन मिनिटे परतावा. दाण्याच्या कडा काचेसारख्या दिसू लागतात, मधे पांढरा ठिपका राहतो. आता आधी तो दुधाळ रस्सा गरम करून घालावा, तो आटत आला की गरम रस्सा डावाडावाने. चमच्याने सतत ढवळत राहावे असे सांगतात, त्याची गरज नाही. अर्ध्या-एक मिनिटाने बुडापासून हलवले तरी पुरते. फार ढवळले तर इंद्रायणी मोडतो.

बाराव्या मिनिटापासून दाणा चाखायला लागावे. आर्बोरियोला सतरा-अठरा मिनिटे लागतात. इंद्रायणी आमच्या गॅसवर चौदा-पंधरा मिनिटांत झाला. कुकरमध्ये झटपट होतो असे म्हणतात. मी करून पाहिला, पण दाणा कधी झाला हे शिटीला कळत नाही. बाहेरून मऊ आणि दाताखाली मधे किंचित अवरोध, एवढ्यावर उकडलेल्या भाज्या घालून गॅस बंद करावा.

खरी मेहनत यानंतर आहे. पातेले खाली उतरवून एक मिनिट थांबावे. मग फ्रीजमधले थंडगार लोणी, सुमारे ४० ग्रॅम, तुकडे करून घालावे, ५०-६० ग्रॅम किसलेले चीज घालावे आणि पातेले हलवत चमच्याने जोरात घोटावे. इटालियन भाषेत याला मांतेकातूरा म्हणतात. स्टार्चच्या पाण्यात लोण्याचे बारीक कण धरून राहतात आणि सगळे एकजीव, चकचकीत होते. गॅस चालू असताना हे केले तर लोणी फुटते व वर तेल तरंगते. आता लिंबू, मिरपूड, आणि चाखूनच मीठ. ताट खालून हलवले की रिझोटो लाटेसारखा सरकला पाहिजे. ढीग उभा राहिला तर घट्ट झाला समजावे, डावभर गरम रस्सा घालून सैल करावा. आणि लगेच बसावे. रिझोटो माणसांची वाट पाहत नाही, माणसांनी त्याची पाहायची.

त्या संध्याकाळी कांदा सौ.ने चिरला, कारण नातीचे तुकडे तिला पाहवेनात. घोटायला नात होती. नैवेद्याची वाटी आधी बाजूला निघाली, मगच गॅलरीतला तवा आत आला. सौ.ने पहिला घास खाल्ला, क्षणभर थांबली, आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "हाई ते खिचडीज शे!" नात म्हणाली, "मग उद्या तुझी खिचडी दाखव." दुसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीची खिचडी झाली, वर कच्चे शेंगदाणा तेल आणि भाजलेला पापड. पार्सल आले नाही.

थोडा रिझोटो उरला होता. फ्रीजमध्ये तो घट्ट गोळा होतो, पुन्हा गरम केला तरी पहिला मऊपणा येत नाही. मिलानमध्ये असा शिळा रिझोटो तव्यावर थापून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजतात. सौ.ला हे मी सांगेपर्यंत तिने त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर ज्वारीचे पीठ घालून थालीपीठ लावायला घेतले होते.