गिगाहर्ट्‌झ आणि प्रोसेसरचे काम

संगणकाच्या प्रोसेसरची वारंवारता, म्हणजे त्यातील घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, हा त्याच्या वेगाचा एकमेव निकष नव्हे. एका ठोक्यात किती आज्ञा पूर्ण होतात हेही तितकेच निर्णायक असते, आणि इंटेलचा पेंटियम ४ व एएमडीचा ॲथलॉन ६४ यांच्या स्पर्धेत ते फार ठळकपणे दिसून आले.

एक गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोक्यांचा टप्पा मार्च २००० मध्ये एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या पेंटियम ४ ची रचनाच वारंवारता चढवत नेता यावी अशा बेताने केलेली होती. प्रत्येक आज्ञेवरील प्रक्रियेचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची २० टप्प्यांची साखळी, म्हणजेच पाइपलाइन, बनवण्यात आली आणि २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीत ती ३१ टप्प्यांपर्यंत लांबली. टप्पा लहान असला की ठोके जलद देता येतात, हे खरे. परंतु प्रोग्राम पुढे कोणती वाट घेईल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला, की साखळीत भरलेले अर्धवट काम टाकून द्यावे लागते आणि साखळी जितकी लांब तितके नुकसान अधिक.

सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या ॲथलॉन ६४ ची साखळी १२ टप्प्यांची होती, शिवाय मेमरीशी देवघेव करणारा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असल्याने माहितीसाठी ताटकळण्याचा वेळ वाचत असे. २ गिगाहर्ट्‌झच्या या प्रोसेसरला एएमडीने ‘३२००+’ असे नाव दिले आणि ते पोकळ नव्हते, कारण विशेषतः खेळांमध्ये तो ३.२ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ ला तोडीस तोड ठरत होता. व्हिडिओच्या रूपांतरणासारख्या कामांत मात्र पेंटियम ४ आपला जोर दाखवी.

पेंटियम ४ ची वाट अखेर उष्णतेने अडवली. विजेचा खर्च वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि उच्च वारंवारतेला दाबही वाढवावा लागतो. म्हणून ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. जुलै २००६ च्या कोअर २ ड्युओने कमी ठोक्यांत अधिक काम करून आघाडी परत मिळवली.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा अधिक वारंवारतेवर प्रोसेसर चालवणे, कोअर २ वरही सामान्य खरेदीदाराला सहज करता येत असे. त्या मालिकेतील ई६३०० या प्रोसेसरमध्ये २६६ मेगाहर्ट्‌झचा मूळ ठोका ७ ने गुणला जाऊन १.८६ गिगाहर्ट्‌झ होत असे. चांगला मदरबोर्ड घेऊन तो मूळ ठोका ४०० वर नेला, की २.८ गिगाहर्ट्‌झ मिळत. उत्पादक प्रत्येक प्रोसेसरमध्ये सुरक्षिततेसाठी काही वाव राखून ठेवतो आणि स्वस्त श्रेणीची मागणी भागवण्यासाठी सक्षम चिपही कमी वेगाच्या म्हणून विकल्या जातात, म्हणून हे शक्य होते. मात्र हा वाव चिपगणिक बदलत असल्याने परीक्षणातील ओव्हरक्लॉकिंगचा आकडा खरेदीदाराने हमी मानू नये. त्याने आपल्या नेहमीच्या कामाला लागणारा वेळ आणि त्यावर खर्च होणारी वीज यांचीच तुलना करावी.