अंबरी नहर : शब्द व हेतु

अचलपूरची इमादशाही १५७४ सालीं निजामशाहीनें जिंकली. पुढें त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें राजधानी केली व तीस जें पाणी आणिलें, ती अंबरी नहर होय.

'नहर' म्हणजे शेतीचा पाट असें येथें समजूं नये. नगरास पिण्याचें पाणी पुरविणें हा तिचा हेतु. उत्तरेकडील टेकड्यांच्या बाजूस झिरपणारें पाणी भुयारी मार्गांत गोळा होई, उतारानें वाहत येई व खापरी नळांतून हौदांस मिळे. मोट लागत नसे; नळांत कोंडलेली हवा मधल्या मनोऱ्यांतून निघून जाई. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच जातीचा. पाणचक्की मात्र निराळ्या नहरेवर चाले. ती अंबराच्या नांवावर मांडूं नये.

म्हणून जुन्या कागदांत 'नहर' आढळल्यास पाणी शेतास जाई कीं हौदास, हें आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें. माळावरचा ओसाड मनोराही कागदाइतकाच पुरावा आहे; तो पडण्यापूर्वीं त्याची जागा व मापें टिपून ठेवावीं, अशी आमची वाचकांस विनंति आहे.