सोन्याची काच लाल का?

या रे पोरांनो, स्वयंपाकघरात या. आजी, जरा गॅस मोकळा कर! आता या ज्योतीवर मी चिमूटभर मीठ टाकतो. झाली ना पिवळीधमक? आता ही निळी काच डोळ्याला लावून बघा. पिवळा गेला कुठे?

काचेनं गिळला! कोबाल्ट नावाचा धातू मुरलाय तिच्यात. तो पिवळा-केशरी उजेड अडवतो, निळा सोडतो. आपल्या भिलाईच्या प्लँटमध्ये ओपन हार्थ भट्टीत डोकावताना अशीच काच डोळ्यांपुढे धरायचो आम्ही. झगझगाट कापला जायचा आणि आतलं उकळतं पोलाद नीट दिसायचं.

चर्चच्या खिडक्यांत जी रंगीत चित्रं असतात ना, त्यांतला निळाही हाच. चित्रकार कागदावर रंग चढवतो. काचेचा कारागीर उन्हातला नको तो रंग वजा करतो. त्यासाठी त्याच्याकडे असतात धातू. दल्ली-राजहऱ्याला खाणीत सापडतं ते लोखंड काचेत आलं की हिरवट झाक येते. साध्या तावदानाची कड आडवी धरून बघा, कळेल. मँगनीजनं जांभळी काच होते. चांदीचा लेप देऊन भाजली की पिवळी. आणि सोनं? त्याचे अतिसूक्ष्म कण हिरवा उजेड गिळतात, लाल तेवढा पार जातो. म्हणून सोन्याची काच लाल!

दुर्गहून मेलनं मुंबईला गेलात की सीएसएमटीच्या घुमटाखाली मान वर करून उभे राहा. 1888 मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत अशा काचा आहेत. तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. त्या काळ्या रेघा नुसत्या सांध्यासाठी नसतात. त्या नसत्या तर निळ्याची झळाळी शेजारच्या लालवर पसरली असती.

काचेतल्या चित्राचा भाव वेळेप्रमाणे बदलतो. दुपारी लाल तुकडे पेटून उठतात. दिवेलागणीला तेच काळवंडतात, निळे मात्र उजळ वाटतात. काच तीच, बदलतो आपला डोळा. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळपास दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं सुमारे 200 वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं.

"मग रात्री, आजोबा?"

रात्री सगळं उलटं. आत दिवे लागले की आतल्यांना काच काळी आणि रस्त्यावरच्यांना फुकट रोषणाई!