क्रॉस कंट्री: नव्या आईबाबांसाठी

अमेरिकेत पोर हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीममध्ये गेलंय? मग हे वाचाच. 🏃

👉 सीझन साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. बहुतेक राज्यांत शर्यत 5 किलोमीटरची. गवत, चढउतार, चिखल सगळं आलं.

👉 व्हार्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) सहसा 7 जण धावतात, गुण पहिल्या 5 जणांचे. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2… बेरीज कमी तो संघ जिंकतो. पहिले पाचही आपलेच आले तर फक्त 15! म्हणून पाचव्या पोरासाठीही घसा फोडून ओरडा.

👉 खुर्ची टाकून बसू नका. कोर्सचा (शर्यतीच्या मार्गाचा) नकाशा बघून तुम्हीही इकडून तिकडे पळा.

👉 पिशवीत कोरडे मोजे, टीशर्ट हवेतच.

आणि वेगवेगळ्या कोर्सवरच्या वेळांची तुलना? अजिबात करू नका. चढ बदलला की वेळ बदलते.