रक्तदात्यांची यादी आणि ‘एरर ५००’: पर्ल स्क्रिप्ट बिघडली तर काय तपासायचं?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. इर्विन रुग्णालयातून ओळखीच्या एका माणसाचा फोन आला. “भाऊ, तुमची ती रक्तदात्यांची यादी उघडूनच नाही राहिली. पेशंटला ओ निगेटिव्ह पाहिजे.” आम्ही मोबाइलवर पाहिलं. पांढऱ्या पानावर फक्त एक ओळ होती: इंटर्नल सर्व्हर एरर, ५००. त्या रात्री जुन्या वहीतून नंबर काढले, चार-पाच जणांना झोपेतून उठवलं आणि बडनेऱ्याहून एक दाता आला. काम झालं, पण वही सापडली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मनातून गेला नाही.

अमरावती, अकोला, अचलपूर भागात मस्जिद ट्रस्ट, शाळा, वाचनालयं, तरुणांची मंडळं अशी कितीतरी लहान संकेतस्थळं चालवतात. त्यातली काही कुण्या हौशी मुलाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी पर्ल भाषेत लिहून दिलेली. तो मुलगा आता पुण्यात किंवा दुबईत नोकरीला. साइट चालते तोवर तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि बंद पडली की कुणालाच काही कळत नाही. म्हणून आमच्या यादीच्या दुरुस्तीतून आम्ही जे शिकलो, ते इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

हे यंत्र चालतं कसं?

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये तयार केली. अपाची हा वेबसर्व्हर १९९५ चा. दोघांना जोडणारी जुनी पद्धत म्हणजे सीजीआय. यात कुणी पान मागितलं की सर्व्हर प्रत्येक वेळी पर्लला नव्याने उठवतो, स्क्रिप्ट वाचायला लावतो, उत्तर घेतो आणि पर्लला झोपवतो. चहाच्या टपरीवर प्रत्येक कपासाठी स्टोव्ह नव्याने पेटवावा, तसं हे. चहा मिळतो, पण वेळ लागतो.

१९९६ मध्ये मॉड-पर्ल आलं. यात पर्ल अपाचीच्या पोटातच राहतं. स्टोव्ह पेटलेलाच असतो, पातेलंही चढलेलं असतं, म्हणून उत्तर झटकन येतं. पण पातेलं तेच असल्यामुळे आधीच्या गिऱ्हाइकाची साखर त्यात राहू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी लॉग वाचा

‘५००’ हा आकडा काहीच सांगत नाही. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लिहिलेलं असतं. आम्ही पहिली चूक इथेच केली. लॉग न पाहता दोन तास स्क्रिप्टमध्ये अंदाजाने बदल करत बसलो. लॉग उघडला तर शेवटच्या दोन ओळींत सगळं होतं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलवर बहुतेक ‘एरर लॉग’ नावाचं बटण असतं. त्यात सहसा या पाच गोष्टी सापडतात.

पहिली, मॉड्यूल सापडत नाही. ओळीची सुरुवात ‘कान्ट लोकेट’ अशी असते आणि पुढे मॉड्यूलचं नाव. आमच्याकडे हेच झालं होतं. सीजीआय डॉट पीएम हे मॉड्यूल लिंकन स्टाइन यांचं. ते अनेक वर्षं पर्लसोबत आपोआप यायचं, म्हणून ते वेगळं बसवावं लागतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१५ च्या ५.२२ आवृत्तीपासून ते पर्लच्या मूळ संचातून काढलं गेलं. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला, नवं पर्ल आलं आणि स्क्रिप्ट पडली. सर्व्हर बदलणार असल्याचा ईमेल त्यांनी पाठवला होता. आम्हीच तो वाचला नव्हता. उपाय साधा आहे: हे मॉड्यूल वेगळं बसवून घ्यायचं. सर्व्हरचा पूर्ण ताबा नसेल तर ते आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्येही बसवता येतं.

दुसरी, मॉड्यूल शेजारच्याच फोल्डरमध्ये आहे, तरी सापडत नाही. २०१७ च्या ५.२६ आवृत्तीपासून पर्ल चालू फोल्डरमध्ये मॉड्यूल शोधत नाही. तिथे कुणी खोटी फाइल ठेवून फसवू नये म्हणून हा बदल झाला. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘यूज लिब’ लिहून फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला की काम होतं.

तिसरी, परवानगी. सीजीआय स्क्रिप्टला ७५५ अशी परवानगी लागते. काही जण वैतागून ७७७ देतात, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. त्याने धोका वाढतोच, शिवाय अनेक होस्टिंगवर सुरक्षेसाठी बसवलेली व्यवस्था अशी फाइल चालवायलाच नकार देते. म्हणजे दार सताड उघडलं आणि तरी आत जाता आलं नाही.

चौथी, विंडोजवर संपादित केलेली फाइल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पर्ल कुठे आहे त्याचा पत्ता असतो. नोटपॅडमध्ये फाइल जतन केली की ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटू शकतं. मग ‘नो सच फाइल’ अशी तक्रार लॉगमध्ये येते. फाइल तर डोळ्यांसमोर असते. खरं तर सर्व्हरला स्क्रिप्ट नव्हे, पत्त्यातलं पर्ल सापडलेलं नसतं. ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा ठेवणारा एडिटर वापरा.

पाचवी, ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’. जुन्या अपाचीवर हेच ‘प्रिमॅच्युअर एंड’ अशा शब्दांत येतं. याचा अर्थ स्क्रिप्टने पानाचा मथळा पाठवण्याआधीच मान टाकली. ही ओळ कारण सांगत नाही, परिणाम सांगते. कारण बहुधा तिच्या आजूबाजूच्या ओळींमध्ये असतं.

स्क्रिप्ट लिहिताना ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘वॉर्निंग्स’ या दोन ओळी वर घातल्या की बऱ्याच चुका आधीच कळतात. बदल केल्यावर फाइल थेट सर्व्हरवर टाकू नका. ‘पर्ल’ लिहून पुढे ‘डॅश सी’ आणि फाइलचं नाव दिलं की स्क्रिप्ट न चालवता तिचं व्याकरण तपासलं जातं.

साइट सुरू झाली, आणि खरी अडचण तिथेच आली

यादी पुन्हा चालू झाली. लोक म्हणाले, उघडायला फार वेळ लागतो. म्हणून आम्ही त्याच स्क्रिप्टला मॉड-पर्लवर आणलं. जुन्या सीजीआय स्क्रिप्ट फारसा बदल न करता मॉड-पर्लवर चालवणारी ‘रजिस्ट्री’ नावाची सोय आहे. पान झटकन उघडू लागलं. आम्ही खुश.

चार दिवसांनी आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं की पानाच्या वर ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलंय, खाली मात्र ‘बी पॉझिटिव्ह’ दात्यांची नावं आहेत. पान पुन्हा उघडलं तर बरोबर. तिसऱ्यांदा उघडलं तर पुन्हा चूक. एरर काही नाही, ५०० नाही, सगळं कसं छान दिसतंय.

कारण ते पातेल्याचंच. आमच्या स्क्रिप्टमध्ये रक्तगट वरच्या बाजूला एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता आणि खालचे उपप्रोग्राम तिथूनच तो घेत होते. सीजीआयमध्ये दर वेळी सगळं नवं, म्हणून अडचण नव्हती. रजिस्ट्री मात्र अख्खी स्क्रिप्ट एका मोठ्या उपप्रोग्राममध्ये गुंडाळते. मग आतले उपप्रोग्राम पहिल्या वेळी मिळालेलं मूल्यच धरून बसतात. अपाचीच्या त्या प्रोसेसमध्ये सकाळी पहिल्याने बी पॉझिटिव्ह विचारलं असेल, तर दिवसभर तेच. अपाचीच्या अनेक प्रोसेस एकाच वेळी चालतात. तुमची विनंती कोणत्या प्रोसेसकडे जाईल त्यावर उत्तर बरोबर की चूक हे ठरतं. म्हणून चूक कधी दिसते, कधी नाही.

लॉगमध्ये याचा इशारा पहिल्या दिवसापासून होता: ‘व्हेरिएबल विल नॉट स्टे शेअर्ड’. साइट चालतेय म्हणून आम्ही लॉग पाहणंच बंद केलं होतं. बंद पडलेली यादी निदान माणसाला वहीकडे पाठवते. चुकीची यादी माणसाला चुकीच्या दात्याच्या दारी पाठवते आणि त्यात तासभर जातो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्यांना हा तासभर किती मोठा असतो, ते वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती अशी केली. उपप्रोग्रामने वरचं काही उचलायचं नाही, जे लागेल ते त्याच्या हातात द्यायचं. सगळे उपप्रोग्राम स्क्रिप्टमधून काढून वेगळ्या मॉड्यूल फाइलमध्ये ठेवले. तपासताना अपाची एकाच प्रोसेसमध्ये चालवला, त्यासाठी ‘मोठा एक्स’ हा पर्याय आहे. मग लपाछपी संपते, चूक असेल तर दुसऱ्याच वेळी पकडली जाते. आणखी एक गोष्ट: मॉड-पर्ल मॉड्यूल स्मरणात धरून ठेवतं. मॉड्यूलमध्ये बदल केला की अपाची पुन्हा सुरू करावा लागतो. नाहीतर आपण दुरुस्ती करत राहतो आणि चालत राहतं जुनंच.

एक नाव, तीन लिप्या

आपल्याकडे एकच नाव मराठीत, उर्दूत आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं जातं. पर्लमध्ये युनिकोडची चांगली सोय २००२ च्या ५.८ आवृत्तीपासून आहे, पण नियम पाळावा लागतो: आत येणारा मजकूर उलगडून घ्यायचा, बाहेर जाणारा यूटीएफ-८ मध्ये बांधून पाठवायचा. उलगडायचं राहिलं आणि बांधलं दोनदा, तर मराठीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. बांधायचं राहिलं, तर लॉगमध्ये ‘वाइड कॅरॅक्टर’ असा इशारा येतो.

शोधातही गंमत होते. ‘ज़ाकिर’ मधला नुक्ता दोन प्रकारे साठवला जातो: ‘ज’ आणि नुक्ता वेगवेगळे, किंवा दोन्ही मिळून एकच अक्षर. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पर्लसोबतच येणारं ‘युनिकोड नॉर्मलाइज’ हे मॉड्यूल दोन्हींना एका रूपात आणतं. उर्दूत मात्र तेवढ्याने भागत नाही. अरबी कीबोर्डचा ‘ये’ आणि ‘काफ’ हे उर्दू कीबोर्डच्या ‘ये’ आणि ‘काफ’ पेक्षा वेगळे धरले जातात. ते आपल्यालाच एक-एक ओळ लिहून बदलून घ्यावे लागतात. ‘शेख’ चं इंग्रजी स्पेलिंग तर घरागणिक वेगळं! त्यामुळे एकच माणूस यादीत दोनदा आला का, हे आम्ही नावावरून नाही, मोबाइल नंबरवरून पाहतो.

नवी भर घालायची तर

मॉड्यूल वेगळं झाल्याचा फायदा असा की नवी सोय जोडणं सोपं झालं. आम्ही दोन लहान मॉड्यूल लिहिली.

पहिलं रक्तगटांच्या जुळणीचं. लाल पेशींच्या बाबतीत ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं, पण ओ निगेटिव्ह रुग्णाला फक्त ओ निगेटिव्हच चालतं. आठ गटांच्या ६४ जोड्या होतात, त्यातल्या २७ जुळतात. या ६४ च्या ६४ जोड्या तपासणारी चाचणी फाइल आम्ही सोबत ठेवली आहे. कुणीही मॉड्यूलला हात लावला की आधी ती चालवायची, एक जरी जोडी चुकली तरी बदल सर्व्हरवर जात नाही.

दुसरं तारखेचं. पुरुषाने रक्तदानानंतर ९० दिवस आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर दात्याचं नाव यादीत दिसत नाही. नाहीतर तोच सज्जन माणूस पुन्हा पुन्हा फोन घेत बसतो. सर्व्हर परदेशात असेल तर त्याचं घड्याळ बहुधा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, तेही हिशेबात घ्या.

हे सगळं दाता शोधण्यापुरतं. रक्त कुणाचं कुणाला द्यायचं ते रक्तपेढी तपासणी आणि क्रॉसमॅच करूनच ठरवते. यादी तिची जागा घेऊ शकत नाही, तसं आम्ही पानावर ठळक लिहिलं आहे.

शेवटी

मित्रहो, यातलं कोणतंही काम मोठ्या कंपनीचं नाही. बी.एस्सी. किंवा डिप्लोमा करणारी आपली मुलं-मुली हे महिनाभरात शिकू शकतात. पर्ल जुनी भाषा आहे, आज नवं काही उभारायचं तर अनेक जण दुसरी भाषा घेतील, आणि त्यात काही वावगं नाही. पण जे चालू आहे आणि ज्यावर रात्री-बेरात्री कुणाचा तरी भरवसा आहे, ते सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे.

आमच्याकडे आता तीन नियम आहेत. दर जुम्याला नमाजनंतर दोघं बसून लॉग वाचतात, साइट चालत असली तरी. स्क्रिप्टची माहिती एकट्याकडे राहत नाही, किमान दोघांना असते. आणि यादीची छापील प्रत दर महिन्याला नवी काढून इर्विनजवळ राहणाऱ्या एका साथीच्या घरी ठेवली जाते. तुमच्या संस्थेची अशी जुनी साइट असेल, तर आज फक्त एक काम करा: तिचा एरर लॉग उघडून शेवटच्या वीस ओळी वाचा.