कुदळ, फीत आणि झिंकचा ब्लॉक

पन्नास-साठच्या दशकांतल्या एखाद्या वऱ्हाडी साप्ताहिकाची बांधीव फाईल चाळायला घेतली, की आधी जाणवते ती फोटोंची टंचाई. चार पानांत एखादा चेहरा, तोही पासपोर्ट फोटोपेक्षा थोडा मोठा. महिनाभराने दुसऱ्या बातमीसोबत पुन्हा तोच चेहरा, आणि तीन वर्षांनी सत्काराच्या वृत्तांतात परत तोच. मंत्री म्हातारे झाले, काहींची खाती गेली, तरी छापातले मंत्री तसेच काळ्या केसांचे राहिले. ज्या काळात यवतमाळ जिल्ह्यात रस्ते झाले, पूल झाले, विजेचे खांब आले, शाळांवर कौलं चढली, धरणांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या काळाची छापील चित्रं इतकी कमी का, याचं उत्तर संपादकांच्या अनास्थेत शोधणं अन्यायाचं होईल. ते छापखान्याच्या जमाखर्चात सापडतं.

तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापायचा म्हणजे ब्लॉक करावा लागे. निगेटिव्हवरून चकचकीत प्रिंट काढायची, ती ब्लॉकमेकरकडे पाठवायची. तो मोठ्या कॅमेऱ्यापुढे ती टांगून जाळीतून पुन्हा तिचा फोटो घेई. त्या जाळीमुळे चित्राचे लहानमोठे ठिपके होत. वर्तमानपत्री कागद खरबरीत, म्हणून जाळीही जाड, इंचाला पंचावन्न ते पासष्ट रेघांची. मग ते ठिपके झिंकच्या पत्र्यावर उतरवायचे, ॲसिडला पत्रा खायला लावायचा, उरलेला भाग लाकडी ठोकळ्यावर छपाईच्या खिळ्यांच्या (टाइपांच्या) उंचीइतका ठोकायचा. असा ठोकळा चौरस इंचाच्या भावाने मिळे. यवतमाळच्या साप्ताहिकाला त्यासाठी नागपूर किंवा अमरावती गाठावी लागे. नागपूर दीडशे किलोमीटरांवर. प्रिंट एसटीने जाई, ब्लॉक एसटीनेच परत येई, आणि तोवर अंक निघून गेलेला असे.

इतका खर्च करून आणलेला ब्लॉक एकदाच वापरणं परवडणारं नव्हतं. पाटचारीत पहिलं पाणी सोडल्याचा ब्लॉक एका अंकापुरता, पुढाऱ्याच्या चेहऱ्याचा दहा वर्षं पुरे. म्हणून चेहरे जमले आणि पाटचाऱ्या जमल्या नाहीत. छापखान्याच्या कपाटात नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले ते ठोकळे म्हणजे त्या जिल्ह्याचं सार्वजनिक जीवन. त्या कपाटात ज्याला जागा नाही, तो छापातही नाही.

ही अडचण सरकारला ठाऊक होती. केंद्राचं पत्रसूचना कार्यालय लहान वृत्तपत्रांना बातमीपत्रकांसोबत तयार ठसेही पुरवत असे. त्यांना एबोनॉइड ब्लॉक म्हणत. हलके, टपालाने जाणारे, झिंकपेक्षा स्वस्त. शिळाछापावर निघणाऱ्या उर्दू पत्रांसाठी वेगळी सोय होती, तिचं नाव ‘चरबा’. राज्याच्या प्रसिद्धी खात्याचे फोटो आणि ‘लोकराज्य’चे अंक जिल्ह्यांत येतच होते. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार-चित्र सक्तीने दाखवलं जाई. त्यामुळे घाटंजीच्या किंवा वणीच्या प्रेक्षकाने भाक्रा-नांगल हलताना पाहिलं, पण आपल्या तालुक्यातल्या पुलाचं साधं स्थिरचित्रही त्याच्या वाट्याला क्वचितच आलं. फुकट मिळणारा ठसा कुठलं लहान पत्र नाकारणार? दिल्ली-मुंबईचा विकास असा तयार साच्यातून यवतमाळच्या पानावर उमटत राहिला.

खरं तर या जिल्ह्यात वृत्तपत्रांची परंपरा जुनी. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केलं. त्याच अण्यांनी १९३० च्या जुलैत पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. पुढे पन्नासच्या दशकात बाभूळगावचे जवाहरलाल दर्डा यांनी ‘लोकमत’ पुन्हा उभं केलं, आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून ते दैनिक झालं. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली; नव्या दैनिकाला याहून मोठी बातमी मिळाली नसती. ज्या जिल्ह्यातल्या साप्ताहिकाचं असं दैनिक झालं, त्या जिल्ह्याची छायाचित्रं तरीही तुटपुंजी राहिली, एवढी ब्लॉकची मिजास.

त्यात राज्यं बदलली. १ नोव्हेंबर १९५६ ला यवतमाळ विदर्भाच्या इतर जिल्ह्यांसह जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राजधानी दीडशे किलोमीटरांवरून थेट अरबी समुद्राच्या काठी गेली. मुंबईच्या वर्तमानपत्रांचा छायाचित्रकार कोयनेला जाई, पुण्याला जाई. पुसदला तो जाणार कशाला?

पण पुसदला कारण मिळालं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मंत्री होते, आणि १९६० साली लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. तिच्या अहवालावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर १९६३ ला नाईक मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षांहून जास्त. या काळात जिल्ह्यात व्यासपीठ कधी रिकामं राहिलं नाही. जिल्हा परिषदेमुळे तर उद्घाटनाच्या लायकीच्या गोष्टींची यादीच वाढली: शाळाखोली, विहीर, दवाखाना, मोरी, जोडरस्ता.

या समारंभांच्या फोटोचा एक साचा ठरून गेला. भूमिपूजनाचा फोटो घ्या. मधोमध प्रमुख पाहुणे, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नाही. हातात कुदळ, तिच्या दांड्याला झेंडूची माळ गुंडाळलेली, पातं नवंकोरं. कुदळ हवेत थांबलेली असते, कारण फोटोग्राफरने ‘साहेब, एक मिनिट’ म्हटलेलं असतं; हातात रोलायफ्लेक्स किंवा याशिका, रोलमध्ये बाराच फोटो आणि फ्लॅशचा प्रत्येक बल्ब एकदाच पेटणारा. पाहुण्यांच्या डाव्या हाताला पांढऱ्या पँटीतला कार्यकारी अभियंता, काखेत नकाशाची गुंडाळी. उजव्या हाताला सभापती, सरपंच, आणि त्यांच्या खांद्यावरून मान वर काढून बघणारा एक जण, जो प्रत्येक फोटोत असतो. सगळ्यात मागे, धूसर, टोपल्या उपड्या घालून बसलेल्या बाया. समारंभ संपल्यावर खणायचं त्यांनाच आहे. पण खालची ओळ ‘डावीकडून’ सुरू होते आणि त्यांच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. छापताना त्या ब्लॉकमेकरच्या कात्रीत जातात, कारण चौरस इंचाला पैसे पडतात.

नाईकांचे स्वतःचे फोटो मात्र या साच्यात नीट बसत नाहीत. तोंडात पाइप ठेवणारा आणि ज्वारीच्या कणसावरून हात फिरवणारा मुख्यमंत्री ही जोडी कॅमेऱ्याला आवडण्यासारखीच होती. १९६५ साली पुण्यात, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते म्हणाले. त्यानंतर संकरित ज्वारीच्या शेतात उभे असलेले नाईक हे चित्र त्या घोषणेचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. शेतकरी मुख्यमंत्री ही प्रतिमा घडवण्यात भाषणांइतकाच वाटा या फोटोंचा आहे. त्यांत बनाव होता असं नाही, शेतीची जाण त्यांना होतीच. पण पिकाएवढीच कॅमेऱ्याची नजरही त्यांना कळत असावी.

जिल्ह्याबाहेरच्या जगात बांधकामांचं चित्रण वेगळ्या तऱ्हेने झालं होतं. अमेरिकेत ‘लाइफ’चा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ ला निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेलं माँटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचं बांधकाम होतं, प्रचंड खांब आणि पायथ्याशी मुंगीएवढी दोन माणसं. धरणाची भव्यता दाखवायला पाठवलेल्या या बाईंनी आतल्या पानांत मात्र धरणावर राबणाऱ्यांच्या वस्त्यांचे आणि त्यांच्या दारूच्या गुत्त्यांचे फोटो दिले. आपल्याकडे सुनील जाना यांनी आधी बंगालच्या दुष्काळाचे आणि नंतर पोलाद कारखान्यांचे, धरणांचे फोटो काढले, त्यांच्या चौकटीत यंत्राशेजारी मजूर ताठ उभा असतो. दोघांपाशी वेळ होता आणि चांगल्या कागदावर छापणारी नियतकालिकं होती. चार पानी साप्ताहिकाच्या फोटोग्राफरपाशी दोन्ही नव्हतं. तो बहुधा गावातला स्टुडिओवाला. सकाळी लग्न, दुपारी भूमिपूजन, संध्याकाळी शाळेचा ग्रुप फोटो.

महाराष्ट्रातल्या दैनिकांचा कॅमेरा उद्घाटनाच्या मांडवातून बाहेर पडला तो संकटांमुळे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या पेठांतल्या चिखलाचे, पडक्या वाड्यांचे फोटो घरोघर गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने जमीनदोस्त झालं. ज्या कोयना धरणाचे फोटो राज्याच्या प्रगतीची खूण म्हणून छापले जात, त्याच्याच पायथ्याशी ढिगाऱ्यावर बसलेली माणसं छापावी लागली.

खरी कलाटणी दिली ती १९७२ च्या दुष्काळाने. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगली हा त्याचा गाभा. यवतमाळला त्यामानाने झळ कमी. पण दुष्काळाला तोंड देणारा मुख्यमंत्री पुसदचा होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग. एवढी माणसं उघड्या माळावर एकत्र आली की चौकटीत दुसरं काही मावतच नाही. मंत्री आले, तरी त्यांच्या मागे क्षितिजापर्यंत डोकी दिसणार. पहिल्यांदाच मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर खडी फोडणारी बाई आली. डोक्याला फडकं, एका हाताने दगड धरलेला, दुसऱ्या हातात हातोडा, शेजारी लुगड्याच्या झोळीत मूल. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी लागलेल्या रांगा आल्या, हजेरीपटावर अंगठा उमटवणारे हात आले. सार्वजनिक बांधकाम म्हणजे माणसांनी केलेलं काम, हे त्या वर्षी दिसलं. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला पुढे, १९७७ साली, कायद्याचं रूप आलं. या चित्रांनी त्यासाठी लोकांचं मन तयार केलं असं म्हणणं फार धाडसाचं होणार नाही.

त्याच सुमारास यवतमाळला स्वतःचं असं एक चित्र मिळालं. कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि संकलन केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. पांढऱ्या कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या, सोडलेले बैल, गाडीखाली झोपलेला शेतकरी. फोटोग्राफरला सोन्यासारखी संधी. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कापसासारखं काही उठून दिसत नाही. आधी हे चित्र भरभराटीचं म्हणून छापलं गेलं. चुकारे रखडू लागले तसं तेच चित्र, त्याच रांगा, गाऱ्हाण्याखाली येऊ लागलं. ऐंशीच्या दशकात ऑफसेट आलं, ब्लॉकचा खर्च संपला आणि जिल्हा पानांवर फोटोंचा पूर आला. नेमकी तेव्हाच कापसाची कथा बिघडत गेली. नव्वदनंतर यवतमाळचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत आलं ते आत्महत्याग्रस्त घरांतल्या, भिंतीवर हार घातलेल्या तसबिरींच्या फोटोंसह.

मधल्या काळात उभं राहिलेलं बरंच काही छायाचित्रांत जवळजवळ नाहीच. पुसदजवळचं पूस धरण, पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना, वणी-राजूरच्या कोळसा खाणी यांचं कोनशिलेचं आणि कळ दाबतानाचं चित्र मिळू शकतं. काम चालू असतानाचं, भिंत अर्धी असतानाचं चित्र मिळणं कठीण. उलट इंग्रजी अमलात कापूस वाहण्यासाठी आलेली, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर रखडत जाणारी शकुंतला रेल्वे तिच्या म्हातारपणी इतकी टिपली गेली की विचारू नका. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, म्हणून परदेशी हौशी फोटोग्राफरही आले. जिल्ह्यातल्या सगळ्या सार्वजनिक कामांत कॅमेऱ्याचं प्रेम बहुधा याच गाडीला लाभलं. ती आता बंद आहे.

ब्लॉकच्या काळातलं जे काही शिल्लक आहे ते स्टुडिओंच्या माळ्यांवर. काचेच्या निगेटिव्ह कित्येकांनी धुऊन तसबिरींच्या काचा केल्या, फिल्ममधली चांदी काढून विकली गेली. ॲसिटेटच्या फिल्मला दमट हवेत आंबूस वास सुटतो आणि ती आक्रसत जाते. पाकीट उघडावं तर आतली माणसं सुरकुतलेली निघतात. बांधीव फायलींचा कागद घडीवर तुटतो. जिल्हा परिषदांनी आपल्या साठ वर्षांच्या निमित्ताने स्मरणिका काढल्या, आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो छापले. तेवढ्याच खर्चात तालुक्याच्या गावी जाऊन जुन्या स्टुडिओवाल्यांकडचे रोल स्कॅन करून घेता आले असते, आणि कोणत्या मोरीवर कोण राबलं हे सांगणारे वृद्ध अजून भेटतात, त्यांना शेजारी बसवून नावंही लिहून घेता आली असती.

बुडिताच्या गावांचंही तेच. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं बरंचसं पाणी नांदेड-हिंगोलीकडे जातं. त्यात बुडालेल्या शिवारांचे पाणी चढण्याआधीचे फोटो मिळाले तर ते विस्थापितांच्या ट्रंकेत मिळतील, वर्तमानपत्रांत नाही. खालच्या अंगाला निम्न पैनगंगा प्रकल्पाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्यासाठी १९७५ साली करार झाला, आणि बुडिताच्या गावांचा विरोध आजही चालू आहे. तिथल्या ग्रामसभांचे, मोर्चांचे, अधिकाऱ्यांना अडवल्याचे फोटो आता गावातली पोरंच मोबाइलवर काढतात आणि रात्रीपर्यंत जिल्ह्याच्या वार्ताहरांकडे पाठवतात. वार्ताहर त्यातला एक निवडतो. खाली ‘डावीकडून’ नसतं. कोणत्या गावचे लोक, एवढंच असतं.