मांजराचा गाळ काढा, पण मोजूनही घ्या

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे, हे आकडे केज तालुक्यात तोंडपाठ आहेत. वाहून गेलेली माती बंधाऱ्यांत, तलावांत आणि धनेगावच्या मांजरा धरणात जाऊन बसते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे माती गेली म्हणून सरकार एकदा पैसे मोजते आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तीच माती वर काढायला दुसऱ्यांदा. दोन्ही खर्च रास्त आहेत आणि शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजेत. माझा आग्रह एवढाच, की गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाकडे प्रयोग म्हणून पाहावे आणि मोजणीचा पैसा त्याच कामातून आधीच बाजूला काढावा.

2023 च्या सुधारित योजनेत यंत्र आणि इंधनाला घनमीटरमागे 31 रुपये, तर अल्पभूधारकाला गाळ शेतात नेऊन पसरायला 35 रुपये 75 पैसे आहेत. या दराने एक दलघमी (दशलक्ष घनमीटर) गाळ हलवायला जवळपास पावणेसात कोटी लागतात. मांजरा धरणाची एकूण क्षमता 224 दलघमी, त्यात 47 मृतसाठा. या पसाऱ्यापुढे एक दलघमी किती, हे ज्याचे त्याने ताडावे. रुपयातले पाच पैसे मोजणीला ठेवले तर तेवढ्याच कामात सुमारे 33 लाख हाताशी येतात. नाशिकची ‘मेरी’ ही संशोधन संस्था जलाशयांतल्या गाळाचे सर्वेक्षण करतेच. लहान तलावांना तो हिशेब वर्षाच्या वर्षाला हवा. नाहीतर किती हायवा भरल्या एवढेच कळते. पुढच्या पावसाने त्यातला किती गाळ परत आणून टाकला, ते कळत नाही.

मोजणीने काय साधते, याचा धडा कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाने दिला आहे. 1963 पासून त्याने वाळू अडवली, खालच्या ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे काठ झिजले आणि पाणी थंड पडून हंपबॅक चब हा तिथला मूळचा मासा संकटात आला. मार्च 1996 मध्ये आठवडाभर मुद्दाम पूर सोडला गेला. काठ उभे राहिले, पण लवकरच ढासळले. तळाशी वाळू साठलेली असेल हा अंदाज चुकला होता. पाण्याने उचलली ती बरीचशी जुन्या काठांचीच वाळू. मोजमाप ठेवले होते म्हणूनच ही चूक सापडली. पुढे, उपनदीने ताजी वाळू आणून टाकली की मगच पूर सोडायचा, असे ठरले आणि 2012 मध्ये त्याची नियमावली झाली. या कार्यक्रमाचा मोठा खर्च धरणाच्या वीजविक्रीतून भागतो. 2021 मध्ये चबवरचा धोका एक पायरी कमी धरला गेला; त्याचे सगळे श्रेय पुरांना देता येत नाही, आणि हेही मोजणीनेच सांगितले.

मांजरावर याची नक्कल चालणार नाही. इथला गाळ काळ्या मातीचा, चिकट. सांडव्याची दारे उंचावर, ती उघडून तळ धुतला जात नाही. पण आपल्यापुरते प्रयोग करता येतात. शेजारचे दोन सारखे तलाव घ्यावेत. एकात नेहमीसारखी खोदाई करावी, दुसऱ्यात एका बाजूचा उथळ, गवताळ काठ आणि मधला डोह राखावा. मरळ अशाच काठाला गवत बाजूला सारून घरटे करते आणि लालसर पिलांचा थवा नर-मादी राखत फिरतात. पोकलेनने काठ सरसकट तासला की ती जागा संपते. धरणाखालच्या काही बॅरेजेसची दारे पहिल्या पुरात चढणीच्या माशांसाठी उघडी ठेवावीत, काहींची नेहमीप्रमाणे चालवावीत. कुठे वांब, मरळ, शिंगटा वाढले आणि कुठे नुसती चिलापी उरली, याची रोजची नोंद मच्छीमार सोसायट्यांकडे मानधन देऊन सोपवावी. जाळ्यात काय येते हे भोई बांधवांइतके कोणाला कळते?

यावर पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो हलका नाही. 2016 मध्ये हेच धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आठवणीपुढे माशांसाठी पाणी सोडा असे म्हणायची कोणाची छाती होणार नाही, आणि तशी गरजही नाही. सप्टेंबर 2021 मध्ये धरणाची सगळी 18 दारे उघडावी लागली होती. अशा वर्षी जे पाणी जाणारच असते, त्याची वेळ आणि चढ-उतार ठरवायचा. उपयुक्त साठ्याला हात लावायचा नाही. दुष्काळी वर्षी दारांचा प्रयोग बंद, फक्त मोजणी चालू. दुसरा आक्षेप असा, की शेतकरी अडचणीत असताना मासे कसले मोजता? पण कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांची बोटुकली वर्षानुवर्षे विकत आणून सोडावी लागते. मरळ जागा मिळाली की आपली आपण वाढते आणि बाजारात भावही चांगला खाते. ही मच्छीमाराच्या चुलीची गोष्ट आहे.

यंत्रे उन्हाळ्यात तलावात उतरतात. त्यामुळे तळाची पहिली मोजणी पाणी ओसरत असतानाच व्हायला हवी आणि तिची तरतूद जिल्हा नियोजन समितीने गाळाच्या कामांच्या मंजुरीतच करावी, वेगळ्या प्रस्तावाची वाट न पाहता. आकडे दर वर्षी ग्रामसभेत वाचले जावेत, प्रयोग फसला असेल तरीही.